तारिहाळचं टपाल

फोन लागला की पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणायच्या आत ते विचारायचे, "मुट्टितेन् री?"

म्हणजे, पोचलं का हो? मराठी गिऱ्हाईक असेल तर, "पोचलं का?" एवढंच. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काय पोचायचं होतं, यातलं काही सांगायचं नाही. हुबळीतल्या चाळीसएक व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांना तो आवाज पाठ झाला होता. त्यातल्या बहुतेकांनी त्या आवाजाचा धनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

आम्ही पाहिला होता. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, खिशाला दोन पेनं, पायात वर्षाचे बारा महिने काळे बूट. जन्मभर तार ऑफिसात काढून, तारा कमी झाल्यावर स्वेच्छेनं निवृत्त झालेला माणूस. म्हणून सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. मीही तेच म्हणायचो, आणि इथंही तेच म्हणणार आहे. ते मला 'साहेब' म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. देशपांडे नगरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यावर दोन खोल्या घेऊन मी ईमेल पोचवण्याचा धंदा सुरू केला होता. आज हे सांगितलं की माझी मुलगी हसते. ईमेल काय पोचवायचा असतो? पण तुमच्यातल्या ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल, इंटरनेट तेव्हा नळासारखं सारखं येत नसे. फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरनं नंबर फिरवायचा, मोडेमनं किंचाळायचं, लागलं तर लागलं. लागलं की तेवढ्यापुरतं जोडलेलं, मग पुन्हा तुटलेलं. अशा गिऱ्हाइकांच्या नावानं येणारे मेल आमच्या कॉम्प्युटरवर येऊन थांबायचे. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर दिवसातून दोनतीनदा आमच्याकडे फोन लावायचा, स्वतःचं टपाल उचलायचा, जे पाठवायचं ते आमच्या हवाली करायचा आणि फोन ठेवायचा. पोस्टातल्या खासगी पेटीसारखं समजा. फक्त पेटी आमच्याकडे आणि किल्ली फोनच्या तारेत.

हे सगळं यंत्र आपोआप करायचं. मास्तरांना मी ठेवलं होतं ते गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला. पण 'आपोआप' या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. कुणाच्या नावानं टपाल साचलं की ते त्याला फोन करायचे, "तुमचं चार आलंय, उचलून घ्या." मग थोड्या वेळानं पुन्हा फोन, "पोचलं का?" कॉम्प्युटर सगळ्याची नोंद ठेवायचा, तरी यांची एक लांबट वही होती. कुणाचं, कधी आलं, कधी गेलं. मी एकदा म्हटलं, "मास्तर, हे सगळं मशीनमध्ये असतं की."

"असू दे की. मशीनला काळजी नसते."

मोडेमच्या आवाजावरून ते गिऱ्हाईक ओळखायचे. चार मोडेम भिंतीला लागून मांडलेले असत. त्यातला एक ओरडायला लागला की कामातून मान वर न करता म्हणायचे, "दाजीबान पेठ. हार्डवेअरवाले." आणि स्क्रीनवर तेच नाव उमटायचं. कलघटगीच्या एका भातगिरणीचे मालक तर त्यांना सारखे सतवायचे. त्यांचा मेल अर्ध्यात तुटायचा, रोज. मास्तरांनी आठवडाभर चौकशी केली तेव्हा कळलं की मेल येतोय की नाही हे बघायला मालक मध्येच रिसीव्हर उचलून कानाला लावतात. मास्तरांनी त्यांना कानडीत शांतपणे समजावलं, "मालक, जेवणाऱ्याच्या ताटात कुणी हात घालतं का? त्याला जेवू द्या." त्यानंतर कलघटगीचा मेल कधी तुटला नाही.

आमच्या धंद्याचा एक नियम होता, आणि तो माझा होता. गिऱ्हाइकाचा मेल उघडायचा नाही. एकाच पेठेतले दोन एकमेकांवर चढाओढ करणारे व्यापारी आमचे गिऱ्हाईक होते. एकाचा भाव दुसऱ्याला कळला अशी नुसती शंका आली असती तरी आमचं दुकान बंद झालं असतं. स्क्रीनवर दिसायचं ते एवढंच: कुणाकडून, कुणाला, केवढा. आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचो.

मास्तरांना हा नियम पटायला वेळ लागला. त्यांचं आयुष्य उलट गेलेलं. "साहेब, तारेतली बातमी आधी तारवाल्याला कळते, मग घरच्यांना," ते म्हणायचे. "मृत्यूची तार आली की आम्ही बाकीच्या बाजूला ठेवायचो. ती आधी जायची. इथं लग्न आणि मयत एकाच रांगेत."

"इथं लग्नंबिग्नं नसतात, मास्तर. पंपाचे भाव असतात."

"तेही खरं," असं म्हणून ते वहीकडे वळायचे. नियम पटला नाही तरी त्यांनी तो पाळला. मी पैजेवर सांगतो, एकदाही मोडला नाही.

हुबळीबाहेर तारिहाळला आमचं एक गिऱ्हाईक होतं. पंपाचे सुटे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप. मालकांचं घराणं मूळ मिरजेकडचं, दोन पिढ्या हुबळीच्या बाजारात दुकानदारी केलेलं. यांनी दुकान भावाला सोडून तारिहाळला शेड टाकली होती. शेडच्या मागं दोन खोल्यांत मालक आणि त्यांची बायको राहायची. मालकांना कामगार अप्पा म्हणत. बायकोला आम्ही बाई म्हणायचो. एकच मुलगी, वैशाली. लग्न करून मस्कतला गेलेली. घराला आणि वर्कशॉपला मिळून एकच फोन, आणि मेलही त्यावरूनच. मुलीचे मेल वर्कशॉपच्याच पत्त्यावर यायचे, हे अप्पांनी आम्हाला हौसेनं सांगितलं होतं.

वैशालीला दिवस गेले होते. ती बाळंतपणाला माहेरी यायची होती, पण तिथल्या डॉक्टरांनी विमानप्रवास करू नका म्हणून सांगितलं. मग बाईंनीच जायचं ठरलं. त्यांचा पासपोर्ट अजून व्हायचा होता. दिवस भरायला तीन आठवडे होते, तोवर होईल, असा हिशोब.

एका बुधवारी रस्ता रुंद करताना खोदाईत तारिहाळकडची फोनची केबल तुटली. त्या बाजूची आमची सहा गिऱ्हाइकं एकदम मुकी झाली. हे तेव्हा नेहमीचं होतं. एकदोन दिवसांत जोडायचे.

गुरुवारी दुपारी मास्तर माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, तारिहाळच्या अप्पांचे दोन मेल आलेत. दोन्ही मस्कतहून. एकाच माणसाचे, दोन तासांच्या अंतरानं."

"मग?"

"फोन लावला. घंटा वाजते, उचलत कुणी नाही."

"केबल तुटलीय ना. आपल्याला घंटा ऐकू येते, तिकडं वाजत नाही."

"ते मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "मस्कतच्या माणसाला माहीत असेल का?"

मी वर पाहिलं. ते पुढं म्हणाले, "दोन्ही छोटे आहेत. चार ओळींचे असतील. उघडून बघू का?"

"नाही."

"तार ऑफिसात असतो तर…"

"हे तार ऑफिस नाही, मास्तर." माझा आवाज चढला होता. शेजारच्या खोलीतला टायपिस्ट थांबून ऐकायला लागला, हे मला आजही आठवतं. "आज एक उघडाल, उद्या दुसरा. वाचतो म्हणून नाव झालं की संपलं."

"बरं," ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी तिसरा आला. मास्तर पुन्हा आले. यावेळी उघडण्याचं बोलले नाहीत. "फ्लॉपीत घालून नेऊन देतो. स्कूटरवर अर्धा तास. उघडायचं नाही, नुसतं द्यायचं."

मी त्या दिवशी एका मोठ्या गिऱ्हाइकाला पटवायच्या मागं होतो. म्हणालो, "संध्याकाळपर्यंत केबल जोडणार आहेत. एकाच्या दारात गेलात की उद्या सगळे म्हणतील माणूस पाठवा. मग आपण ईमेलवाले कसले, कुरियरवाले झालो."

ते उभे राहिले थोडा वेळ. मग जागेवर जाऊन बसले. त्या संध्याकाळी केबल जोडली गेली नाही.

शनिवारी सकाळी मी आलो तेव्हा मास्तर हेल्मेट घालून उभे होते. हातात फ्लॉपी. "चौथा आलाय," ते म्हणाले. "आज मी विचारत नाही, साहेब. कळवतोय."

मी त्यांच्या मागं स्कूटरवर बसलो. का बसलो ते नक्की सांगता येणार नाही. थोडा राग होता, थोडी काळजी.

वर्कशॉप चालू होतं. लेथचा आवाज येत होता. अप्पा बाहेर आले, आम्हाला पाहून खूश झाले. "अरे वा, खुद्द मालक. लाईन अजून नाही बघा. बसा की." बाईंना हाक मारून चहा सांगितला. मास्तर म्हणाले, "चहा नंतर, अप्पा. आधी टपाल बघून घ्या. मस्कतचं आहे."

काचेच्या छोट्या केबिनमध्ये कॉम्प्युटर होता. अप्पांनी फ्लॉपी घातली. चार नावं उमटली. शेवटचा मेल सगळ्यात वर होता. माणूस वरून सुरुवात करतो. अप्पांनी तोच उघडला.

जावई इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. ते वाचायला थोडा वेळ लागतो. अप्पा ओठ हलवत वाचत होते. थांबले. मागं वळून मास्तरांना म्हणाले, "वैशाली गेली म्हणतोय. गेली म्हणजे कुठं गेली?"

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यभर अशा बातम्या पोचवलेला माणूस तो. पण त्या बातम्या त्यांना आधी माहीत असायच्या, दारात जाईपर्यंत चेहरा तयार व्हायचा. इथं ते अप्पांच्या बरोबरीनंच वाचत होते.

मग बाकीचे तीन. तेही अप्पांनी वाचले, एकामागून एक, कुणी थांबवायच्या आत. पहिल्यात होतं की आज सकाळीच दवाखान्यात आणलंय, घरी फोन लावतोय तर कुणी उचलत नाही, ही सारखी आईशी बोलायचं म्हणतेय, या नंबरवर फोन करा. दुसऱ्यात पुन्हा तोच नंबर. तिसऱ्यात मुलगी झाल्याचं होतं, वैशालीला रक्तस्राव होतोय, ऑपरेशनला नेतायत, नेताना विचारत होती आईचा फोन आला का. मेल परत आलेला नाही म्हणजे तुम्हाला मिळालाच असेल, असं त्यानं लिहिलं होतं. मिळालाच असेल. मेल आमच्याकडे सुखरूप होता, म्हणून त्याला परत गेला नव्हता.

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या कुणालाच कळलं नाही. त्यांनी ट्रे लेथच्या बाजूच्या फळीवर ठेवला, नीट ठेवला, आणि मास्तरांना विचारलं, "हे तुमच्याकडे कधीपासून होतं?"

"गुरुवारपासून."

"तीन दिवस?"

"हो, बाई. माझ्याकडे होतं."

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला हरकत नव्हती. ते दोनदा माझ्याकडे आले होते, मी दोनदा नको म्हटलं, हे सांगायला दहा शब्द पुरले असते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मी घाबरलो होतो.

परत येताना मीच स्कूटर चालवली. मास्तर मागं बसून होते. देशपांडे नगरात आल्यावर म्हणाले, "मुलगी आहे म्हणे. नात." बाकी काही नाही. त्यानंतरही कधी नाही. मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी मी नियम बदलला. मेल उघडायचा नाही, हे कायम. पण ज्याची लाईन बंद आहे त्याचं टपाल दुपारी चारनंतर ठेवायचं नाही, माणसानं नेऊन द्यायचं. मास्तरांनी हे ऐकून घेतलं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढलं. तेव्हापासून पाऊस असो, बंद असो, फ्लॉप्या शर्टच्या खिशात घालून ते गोकुळ रोडला, उणकलला, एकदा तर बसनं कलघटगीलाही जाऊन आले. लोक हसायचे. स्कूटरवरून येणारा ईमेल, म्हणायचे. मास्तरही हसायचे. पण संध्याकाळी रांगेत एकही नाव उरलेलं त्यांना चालत नसे.

अप्पांनी आमची सेवा बंद केली. कॉम्प्युटरवर कापड घातलं आणि पुन्हा काढलं नाही. त्यांचं बरोबर होतं. मला वाटलं, तारिहाळचा विषय तिथं संपला.

मग माझ्या लक्षात आलं की शनिवारी दुपारी मास्तर नसतात. विचारलं तर म्हणाले, "एक टपाल असतं." पुढं टायपिस्टकडून कळलं. मास्तरांनी स्वतःहून मस्कतला जावयाला लिहिलं होतं. तार ऑफिसच्या सवयीचं, मोजक्या शब्दांचं इंग्रजी: मुलीची बातमी माझ्या पत्त्यावर पाठवत जा, आजी-आजोबांना मी पोचवीन. जावई बिचारा एकटा, त्याची आई येऊन बाळ सांभाळत होती. त्यानं पाठवायला सुरुवात केली. दर आठवड्याला चारपाच ओळी, कधी फोटो. मास्तर ते छापून घ्यायचे आणि शनिवारी तारिहाळला नेऊन द्यायचे.

पहिले कितीतरी महिने बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. खिडकीतून कागद घ्यायच्या, खिडकी लावून घ्यायच्या. मास्तर तिथून शेडमध्ये जाऊन अप्पांशी दोन शब्द बोलायचे आणि परत यायचे. हे मला अप्पांनी सांगितलं, फार नंतर. कागद आतच पडून राहायचे. बाईंना इंग्रजी अक्षरं येत नव्हती आणि अप्पांना पहिल्या ओळीपुढं वाचवत नव्हतं.

बाळाचं नाव मुक्ता ठेवलं होतं. ती वर्षाची झाली तेव्हा एका शनिवारी बाईंनी खिडकीऐवजी दार उघडलं. कागद परत मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच वाचा."

तेव्हापासून ते वाचायचे. अप्पा सांगत होते, मास्तरांचं वाचन म्हणजे तारच. "मुक्ताला दोन दात. वरचे. ताप होता, उतरला. काळजी नको." मग बाई विचारायच्या, "एवढंच?" मग ते कागद पुन्हा वरून वाचायचे, यावेळी सावकाश, जावयानं लिहिलंय तसं. बाई उत्तर सांगायच्या, मास्तर लिहून घ्यायचे. सोमवारी ऑफिसात आल्यावर आधी ते टाईप करायचे. मी एकदा मागून जाताना पाहिलं, स्क्रीनवर होतं: तिच्या आईचे केस दाट होते, हिचेही होतील, खोबरेल लावत जा, घासू नका. आमचा नियम मीच मोडला होता. पुढं वाचलं नाही.

मग ब्रॉडबँड आलं. तारेतून इंटरनेट सारखं वाहायला लागलं आणि आमच्याकडे थांबायला मेलला कारण उरलं नाही. एक एक गिऱ्हाईक सुटत गेलं. प्रत्येकाचं शेवटचं टपाल गेल्यावर मास्तर वहीत त्याच्या नावाखाली रेघ मारायचे. चारांतले तीन मोडेम गप्प झाले, मग चौथाही. मी पुण्याला नोकरी धरली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी खोल्या रिकाम्या करताना मी त्यांना म्हटलं, "मास्तर, तारिहाळला मी एकदा जाऊन येतो. सांगून येतो."

त्यांना कळलं मी कशाबद्दल बोलतोय. वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "कशाला? आता कुठं त्यांचं बरं चाललंय."

मला तेवढंच हवं होतं. मी गेलो नाही.

शनिवारचं टपाल मास्तरांनी पुढंही चालू ठेवलं, केश्वापुरात घराजवळच्या सायबर कॅफेतून. मी हुबळीला आलो की भेटायचो. थकले होते. दम लागायचा. स्कूटर सोडली होती, बसनं जायचे. मग एका सकाळी आंघोळीला जाताना ते पडले आणि गेले. मला पुण्यात चौथ्या दिवशी कळलं. पोचायला दहावा उजाडला.

त्यांच्या बायकोनं मला आत घेतलं. ठेंगणी, शांत बाई. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो तेवढ्यात त्यांनी कपाटावरून एक पाकीट काढून दिलं. "शुक्रवारी छापून आणलं होतं. शनिवारी सकाळी हे असं झालं. तारिहाळला द्यायचं राहिलंय. तुम्हाला घर माहीत आहे ना?"

मला घर माहीत होतं.

तारिहाळला शेड बंद होती. अप्पांनी धंदा आवरला होता, ते पाय सुजल्यामुळं आत पडून होते. बाईंनी दार उघडलं. मला त्यांनी ओळखलं की नाही कळलं नाही. त्या माझ्या मागं, रस्त्याकडं बघत होत्या.

"मास्तर आले नाहीत?" त्या म्हणाल्या. "दोन शनिवार झाले, आले नाहीत."

मी सांगितलं. त्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा."

मी पाकीट पुढं केलं. त्या म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं. मुक्ता आता शाळेत जात होती. त्या आठवड्याचं पत्र तिचं स्वतःचं होतं, तीन ओळींचं. पोहायला शिकते आहे, नाकात पाणी जातं, आजी तुला पोहता येतं का. अप्पा आतून म्हणाले, "येत नाही म्हणून कळवा."

आणि मग मी सांगितलं. गुरुवारी ते माझ्याकडे आले होते, शुक्रवारीही आले होते. उघडतो म्हणाले, नेऊन देतो म्हणाले. दोन्ही वेळा मी नको म्हटलं. त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

मला वाटलं त्या मला जा म्हणतील. तयारी होती माझी.

"वर्षभर मी त्या माणसाशी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "वर्षभर. उन्हातान्हात यायचे. एकदाही म्हणाले नाहीत की माझं नाही, साहेबांचं."

"नाही."

"आणि तुम्ही आता सांगताय. आता मी कुणाशी बोलू?"

आतून अप्पांच्या खोकल्याचा आवाज आला. बाई उठल्या, आत जाऊन त्यांना काहीतरी म्हणाल्या, साडी बदलून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चला. त्यांच्या घरी मला घेऊन चला."

रिक्षात आम्ही दोन टोकांना बसलो. केश्वापुरात मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं. बाई म्हणाल्या, "मी तारिहाळची."

"या की. ओळखलं मी. दर शनिवारी तुमच्याकडंच यायचे ना."

दोघी आत बसल्या. बाईंनी पिशवीतून नारळ काढून खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि सरळ सांगून टाकलं. "तुमच्या मिस्टरांशी मी पहिलं वर्षभर एक शब्द बोलले नव्हते. खिडकी लावून घ्यायची त्यांच्या तोंडावर."

मास्तरांची बायको जरा गोंधळली. मग म्हणाली, "मला ते म्हणायचे, तारिहाळच्या बाईंना कमी बोलायची सवय आहे. माणूस फार चांगलं आहे, म्हणायचे."

मी उठून बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. गल्लीतून भाजीवाला गेला, समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग बाई बोलायला लागल्या. शब्द बाहेर कळत नव्हते, नुसता आवाज येत होता, हळू, न थांबता. पायरीवरचं ऊन सरकून माझ्या पायांपाशी आलं, मग पलीकडं गेलं. त्या बोलतच होत्या.